आफ्रिकन कादंबरी वाचताना आधी दुभाष्या शोधा

एका वाचकाने विचारलं आहे: "आफ्रिकन कादंबऱ्यांमध्ये वसाहतवादाचा संस्कृतीवर आणि भाषेवर झालेला परिणाम नेमका कुठे दिसतो? आणि हे लेखक स्वतःच इंग्रजीत नाहीतर फ्रेंचमध्ये लिहितात, मग त्यांच्या तक्रारीत कितपत अर्थ आहे?"

सव्वीस वर्षं पदव्युत्तर वर्गाला आफ्रिकन कादंबरी शिकवतो आहे. अधूनमधून तिचे उतारे मराठीत करून मुलांना वाचूनही दाखवतो. हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. परीक्षेच्या पेपरात त्याचं उत्तर साधारण ठरलेलं असतं: धर्म बदलला, चालीरीती मोडल्या, कुटुंबं फुटली, भाषा मागे पडली. यातलं काहीच खोटं नाही, पण एवढं लिहून कादंबरी हाती लागत नाही. ते इतिहासाच्या पुस्तकातही मिळतं. म्हणून मी मुलांना सांगतो, गोष्टीत दुभाष्या कुठे उभा आहे ते आधी शोधा. कोण कोणत्या भाषेत बोलतो, मध्ये कोण आहे, आणि या तोंडातून त्या कानात जाताना वाक्याचं काय होतं, एवढं पाहिलंत की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

चिनुआ अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' घ्या. १९५८ साली आलेली ही कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातल्या इग्बो गावांत घडते. तिच्यात दुभाष्यांचे दोन प्रसंग महत्त्वाचे आहेत आणि दोन्ही वेळा मुख्य काम तेच करतात.

म्बांता गावात गोरा पाद्री पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचं बोलणं गावकऱ्यांना सांगायला एक इग्बो माणूस उभा असतो. हा माणूस दुसऱ्या भागातला, त्याची बोली वेगळी. 'मी स्वतः' म्हणायचं तिथे त्याच्या तोंडून 'माझं ढुंगण' असं ऐकू येतं. लोक खो खो हसतात, कोणीतरी तोच शब्द त्याला परत मारतं. एका नव्या देवाची, स्वर्गाची आणि पापाची गोष्ट या गावात पहिल्यांदा येते ती अशी, हशा पिकवत. गाव त्या दिवशी मनापासून हसतं आणि हसण्याच्या भरात बेसावध राहतं. वर्गात इथे मुलंही हसतात. मी त्यांना हसू देतो, कारण अचेबेंना वाचकही त्या गर्दीत उभा हवा आहे.

दुसरा प्रसंग उमुओफिया गावातला. एनोक नावाच्या बाटलेल्या तरुणाने पूर्वजाच्या सोंगाचा मुखवटा भर गर्दीत ओढून काढला आहे. इग्बो समजुतीप्रमाणे हा पूर्वजाचाच खून. सगळी सोंगं चिडून चर्चसमोर येतात. दारात उभा असलेला पाद्री स्मिथ, ही देवाची जागा आहे, चालते व्हा, असं दुभाष्याकरवी सुनावतो. दुभाष्या ओकेके मात्र गावाला सांगतो की तुम्ही मित्रासारखी तक्रार घेऊन आलात याचा साहेबांना आनंद झाला आहे, प्रकरण त्यांच्यावर सोपवलंत तर बरं होईल. जाणूनबुजून केलेलं हे चुकीचं भाषांतर. त्यामुळे माणसांचा जीव वाचतो, चर्च वाचत नाही. सोंगांचा म्होरका उत्तर देतो, त्याचा आशय असा: याला आमच्या रीती कळत नाहीत म्हणून आम्ही याला मूर्ख म्हणतो, आणि आम्हाला याच्या कळत नाहीत म्हणून कदाचित हाही आम्हाला मूर्ख म्हणत असेल. वसाहतवादाविषयी इतकं समंजस वाक्य त्या पुस्तकात दुसरं नाही. ते समोरच्या साहेबाला समजेल अशा भाषेत बोललेलंच नाही.

आता सत्ता आल्यावर शब्दांचं काय होतं ते बघा. नव्या कचेरीचे चपराशी, म्हणजे 'कोर्ट मेसेंजर', गावाच्या तोंडी 'कोत्मा' होतात. त्यांच्या राखाडी चड्डीवरून 'राखाडी ढुंगणवाले' असं दुसरं नावही पडतं आणि कैदी त्यावर गाणं म्हणतात. 'लॉर्ड'चा 'लाट' आणि 'प्लाटून'ची 'पलटण' केलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राज्यकर्त्याचा शब्द चावून चावून आपल्या जिभेला सोसेल असा करायचा, ही पहिली प्रतिक्रिया सगळीकडची. पण त्याच कादंबरीच्या शेवटच्या परिच्छेदात जिल्हाधिकारी झाडाला टांगलेलं ओकोंक्वोचं, म्हणजे कादंबरीच्या नायकाचं, प्रेत पाहतो आणि मनात आपल्या आगामी पुस्तकाची जुळवाजुळव करू लागतो. या माणसावर एखादं प्रकरण लिहिता येईल, नाहीतर परिच्छेद तरी. पुस्तकाच्या नावात रानटी टोळ्यांना 'शांत' केल्याचा उल्लेख आहे. वाचकाने ज्याच्या घरात, शेतात, बायकामुलांत अख्खी कादंबरी काढली, त्या माणसाची दुसऱ्याच्या भाषेत झालेली किंमत ही. संस्कृतीवरचा परिणाम कुठे दिसतो म्हणून विचाराल तर मी बोट या परिच्छेदावर ठेवीन.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अचेबे आपल्या समाजाला सोवळा ठरवत नाहीत. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये नव्या धर्माकडे ओढला जातो तो तत्त्वज्ञान पटलं म्हणून नव्हे. जुळी मुलं रानात टाकून देण्याची रीत आणि त्याच्या घरात भावासारखा वाढलेल्या इकेमेफुनाचा बळी, या दोन प्रश्नांची ठसठस त्याच्या आत असते. अंधारात भ्यालेल्या भावंडांविषयीचं एक भजन कानावर पडतं आणि ती ठसठस जरा निवते. पुढे तो आयझॅक होतो. गावात तडे आधीपासून होते, बाहेरची सत्ता त्यांतून आत शिरली. हे वाचायचं टाळून जो फक्त 'आमचं सगळं छान होतं' असं सांगतो, त्याने ही कादंबरी अर्धीच वाचली.

मराठीतून वाचताना आपल्याला एक खास फायदा मिळतो. हातून चुकून हत्या घडल्यामुळे ओकोंक्वोला सात वर्षं आईच्या गावी काढावी लागतात. इंग्रजीत तिथे 'मदरलँड' आहे. कोणी घाईत 'मातृभूमी' लिहिलं की सगळंच बिघडतं. ते त्याचं आजोळ आहे, आणि त्याला समजावणारा उचेंडू हा त्याचा मामा. बापाने मारलं की पोर आईच्या खोपीत शिरतं, सुखात माणूस बापाच्या गावचा आणि दुःखात आईच्या, असं तो मामा सांगतो. इंग्रजीने दोन-तीन ओळींत समजावलेलं नातं मराठीत एका शब्दात येतं. 'मास्क'चंही तसंच. 'मुखवटा' ही खुंटीला अडकवायची वस्तू. इग्बो माणसाच्या लेखी तो पूर्वज स्वतः आलेला असतो. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना 'सोंग' हा शब्द लगेच पटेल. तिथेही देवाचं सोंग नाचतं तेव्हा आत कोण आहे हे कोणी विचारत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इंग्रजीत लिहून इंग्रजांविरुद्ध तक्रार कशी करायची?

अचेबेंनी १९६५ च्या एका लेखात यावर स्वतःच्याच वाक्यांचा नमुना दिला होता. 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) मधला पुजारी एझेउलू आपल्या मुलाला मिशनऱ्यांकडे का पाठवतो आहे ते सांगतो. मराठीत साधारण असं: "माझ्या पोरांतल्या एकाने या लोकांत जावं आणि तिथे माझा डोळा व्हावं. त्यात काही नसेल तर परत ये. काही असेल तर माझा वाटा घरी घेऊन ये. जग नाचणाऱ्या सोंगासारखं आहे. नीट बघायचं तर एका जागी उभं राहून भागत नाही." मग अचेबे तोच मजकूर साहेबी इंग्रजीत लिहून दाखवतात: नवा धर्म वाढलाच तर खबरदारी म्हणून मी तुला माझा प्रतिनिधी नेमून पाठवतो आहे. अर्थ तोच, पण दुसऱ्या वाक्यातून पुजारी नाहीसा झालेला आहे, उरला आहे एक कारकून. इंग्रजी वापरायची, पण तिला इग्बो वळणाने चालायला लावायचं, हा त्यांचा मार्ग.

न्गुगी वा थिओंगोंना तो पुरेसा वाटला नाही, आणि त्यांचं कारण फार खोल आहे. हे कादंबरीकार केनियातल्या लिमुरूचे, जन्म १९३८. तिथे १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि पुढे शाळांची भाषा इंग्रजी झाली. शाळेच्या आवारात गिकुयू ही आपली मातृभाषा बोलताना सापडणाऱ्या मुलाच्या हाती एक बिल्ला दिला जाई. त्याने तो पुढे आपली भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या मुलाला द्यायचा. संध्याकाळी ज्याच्याकडे बिल्ला सापडे त्याने कोणाकडून मिळाला ते सांगायचं, मग त्याने आधीच्याचं नाव, अशी दिवसभराची साखळी उलगडे. शिक्षा छडीची, नाहीतर 'मी गाढव आहे' अशी पाटी गळ्यात. मार विसरता येतो. पण शेजारच्या बाकावरचा मित्र आईच्या भाषेत बोलतो का यावर पाळत ठेवायला दहा वर्षांच्या पोराला शिकवलं, की भाषा ही पकडलं जाण्याची गोष्ट होऊन बसते. न्गुगी त्यांच्या एका वर्गबंधूचीही आठवण सांगतात. बाकी सगळ्या विषयांत अव्वल, पण इंग्रजीत नापास, म्हणून अख्ख्या परीक्षेत नापास. तो पुढे बसवर क्लीनर झाला.

आपल्याकडच्या एका शाळेत ओळखीच्या घरातल्या मुलीला मधल्या सुट्टीत मराठी बोलली म्हणून डायरीत लाल शेरा मिळाला होता. ती डायरी पाहिली तेव्हा मला न्गुगींचा बिल्ला आठवला आणि फार वाईट वाटलं. पण दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. मराठी गद्याला तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'पासूनचा आधार आहे. गिकुयूतली लेखी परंपरा नुकती उभी राहत होती, आणि त्याच वेळी मुलांच्या हातात बिल्ला आला.

१९६२ च्या जून महिन्यात युगांडातल्या मकेरेरे इथे आफ्रिकन लेखकांची परिषद भरली. तिच्या नावातच 'इंग्रजीतून लिहिणारे' असा शिक्का होता. त्यामुळे स्वाहिलीतले शाबान रॉबर्ट किंवा योरुबातले फागुन्वा यांच्यासारख्यांना तिथे जागाच नव्हती आणि दोन-चार कथा नावावर असलेला विद्यार्थी न्गुगी मात्र आत होता. पुढच्याच वर्षी नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांनी लिहिलं की युरोपीय भाषांतून जाणारी ही वाट बंद गल्लीत संपणार आहे. न्गुगींनी तेव्हा वाट बदलली नाही. बदलली ती १९७७ साली, आपल्याच कामिरिथू गावात.

त्या वर्षी त्यांनी न्गुगी वा मिरी यांच्यासोबत गिकुयूत नाटक लिहिलं, 'न्गाहिका न्देन्दा', म्हणजे 'मनात येईल तेव्हा लग्न करीन'. नट गावातलेच, शेतमजूर आणि कामगार. तालमीत गावकरी संहिता दुरुस्त करत. म्हातारा माणूस असा बोलत नाही, असं ते विद्यापीठातल्या प्राध्यापकाला सांगत. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्या लेखकाच्या इंग्रजी कादंबऱ्या लंडनमधून छापल्या जात होत्या, त्याच्या वाक्याला त्याच्या गावाने पहिल्यांदा हात लावला होता. नोव्हेंबरात प्रयोगांवर बंदी आली आणि ३१ डिसेंबरला न्गुगींना स्थानबद्ध केलं. करणारं सरकार इंग्रजांचं नव्हतं, स्वतंत्र केनियाचं होतं. त्यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांत सरकारवर कमी टीका नव्हती, पण अटक झाली ती गिकुयू नाटकानंतर. कामिती तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली, 'चैतानी मुथाराबा-इनी', क्रुसावरचा सैतान. ती १९८० मध्ये छापून आली. आपल्याकडे पोथी वाचतात तशी ती घराघरांत आणि दारूच्या गुत्त्यांत मोठ्याने वाचली गेली. वाचणारा ऐन रंगात आल्यावर ग्लास रिकामा दिसला की थांबायचा आणि ऐकणारे त्याला पुढची बाटली मागवायचे. नंतरच्या 'मातिगारी' (१९८६) या कादंबरीची गोष्ट तर आणखी वेगळी. सत्य आणि न्याय कुठे मिळेल असं विचारत फिरणाऱ्या मातिगारी नावाच्या माणसाविषयी लोक बोलू लागले आणि सरकारने त्याच्या अटकेचा हुकूम काढला. तो कादंबरीतला आहे हे कळल्यावर दुकानांतून पुस्तकं उचलली.

न्गुगी २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांची बाजू मला पटते. ओकोंक्वोच्या गावातल्या बहुतेकांना ओकोंक्वोची कादंबरी वाचता आली नसती, हे नुकसान खरं आहे. तरीही अचेबेंना 'इग्बोत का लिहिलं नाही' म्हणून दोष देणाऱ्यांना मी एक गोष्ट दाखवतो. पुस्तकी इग्बोचा नमुना म्हणून त्यांच्यासमोर १९१३ चं बायबल होतं. मिशनरी टॉमस डेनिस यांच्या देखरेखीखाली पाच-सहा बोली एकत्र कालवून ते तयार झालं होतं. ती भाषा कोणत्याच गावात कोणी बोलत नव्हतं. तिने इग्बोतलं गाणं मारलं, हा अचेबेंचा राग आयुष्यभर टिकला. म्हणजे मातृभाषेकडे परतायची वाटही मिशनच्या अंगणातूनच जात होती.

लेसोथोत थॉमस मोफोलो यांनी सेसोथो भाषेत 'चाका' ही झुलू राजावरची कादंबरी लिहिली ती १९१० च्या सुमाराला, छापली गेली १९२५ ला. छापखाना मोरिजा इथल्या मिशनचा होता आणि जुन्या समजुतींचं इतकं जिवंत चित्रण वाचून लोक मागे वळतील अशी भीती तिथल्या काहींना होती. लिपी, शाळा, छापखाना देणारे तेच आणि हस्तलिखित पंधरा वर्षं अडवून ठेवणारेही तेच. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) आठवणाऱ्या मराठी वाचकाला हा गुंता ओळखीचा वाटेल. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, तीही धर्म बदललेल्या माणसाने लिहिलेली आहे.

पोर्तुगीज आफ्रिकेवर इथे फार लिहीत नाही. गोव्यातल्या वाचकांनी अंगोलाचे लुआंदिनो व्हिएरा जरूर वाचावेत. १६८४ च्या फर्मानाने गोव्यातल्या लोकांना तीन वर्षांत कोकणी सोडायला सांगणारी हीच सत्ता. व्हिएरांनी राजधानी लुआंडाच्या वस्त्यांतली, किंबुंदू ही तिथली भाषा मिसळलेली पोर्तुगीज कथांत आणली. ते तुरुंगात असताना त्यांच्या 'लुआंदा' या पुस्तकाला १९६५ मध्ये पारितोषिक देणारी पोर्तुगालमधली लेखक संघटनाच सरकारने बंद केली.

फ्रेंचमध्ये वेगळाच प्रयोग झाला. आयव्हरी कोस्टच्या अहमादू कुरुमांची पहिली कादंबरी फ्रान्समध्ये कोणी घेईना, म्हणून ती १९६८ मध्ये कॅनडात छापली गेली. पहिल्याच वाक्यात राजधानीत एक माणूस 'संपलेला' असतो, आणि लगेच मालिन्के भाषेतलं म्हणणं येतं: साध्या सर्दीपुढे तो टिकला नाही. फ्रेंच वाचकाच्या कानाला हा 'संपला' खडखडीत लागतो, आणि कुरुमांना तेच हवं होतं. मराठीत मात्र 'माणूस संपला' आपण रोज म्हणतो, खडखडाट विरून जातो. कादंबरीच्या नावाच्या बाबतीत उलट नशीब. त्या नावात 'स्वातंत्र्यांचे सूर्य' आहेत, कारण मालिन्केत सूर्य, दिवस आणि काळ एकाच शब्दात मावतात. मराठीतही दिवस उगवतो, दिवस मावळतो आणि वाईट दिवस येतात. तीनही अर्थ 'दिवस' या शब्दात तयार आहेत. भाषांतर करताना अशी जागा सापडली की दोन दिवस बरे जातात.

शेवटी काय वाचावं ते. अचेबेंच्या पहिल्या कादंबरीपासूनच सुरुवात करा, मग न्गुगींचं 'डीकॉलोनायझिंग द माइंड' (१९८६), त्यातलं बिल्ल्याचं प्रकरण आधी. आणि त्यानंतर झिंबाब्वेच्या त्सित्सी दांगारेम्बगांची 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८). तिच्यात मिशनमध्ये काकांकडे शिकायला गेलेला न्हामो पहिलं वर्ष संपल्यावर घरी येतो तो शोना भाषा 'विसरून'. बाप खूश होतो, पोरगं शिकलं म्हणून. आईला वाटतं कोणीतरी त्याच्यावर करणी केली. मुलगा शिकावा असं तिला वाटतं, पण त्याहून जास्त त्याच्याशी बोलावंसं वाटतं. काही महत्त्वाचं बोलायची वेळ आली की न्हामोची शोना व्याकरणासकट परत येते आणि काम झालं की पुन्हा जाते. काही काळाने तो गालगुंडाने मरतो. निरोप घेऊन आलेल्या काका-काकूंना आई म्हणते की आधी तुम्ही त्याची जीभ नेलीत, मला त्याच्याशी बोलता येऊ नये म्हणून, आणि आता सगळंच नेलंत. या आईला इंग्रजी येत नाही. ती हे शोनात बोलली, आपल्यापर्यंत ते इंग्रजीतून पोचलं. तो परिच्छेद मोठ्याने वाचा आणि मग पुन्हा ओकेके दुभाष्याच्या पानावर या.